वेरनाचं लोणचं आणि सहाशे अडतीस शोधनिबंध

आमच्या वेरनाला कुणी संशोधक म्हटलेलं खपत नाही. एकदा मेलबर्नहून आलेल्या एका पाहुण्यानं चुकून म्हटलं, तर ही त्याला म्हणाली, "शिव्या द्यायच्या तर बाहेर जाऊन द्या, इथं माणसं काम करतायत." माणसं म्हणजे ती आणि मी. होबार्टच्या आमच्या संस्थेत सगळ्यात खालच्या मजल्यावर, गोदामाला लागून एक खोली आहे. खिडकीतून डोंगर दिसतो आणि डोंगरावरचा वारा थेट आत येतो. तिथं आम्ही दोघं बसतो. मी डेस. मशिनं सांभाळतो, म्हणजे ती बंद पडली की चार शिव्या हासडून पुन्हा चालू करतो. आणि वेरना पायबस ‘पाउच’ सांभाळते.

पाउच ही आमची साइट. कुठल्याही जिवाच्या पेशीत चारच अक्षरांत लिहिलेला भलामोठा मजकूर असतो, त्याला जिनोम म्हणतात. त्यातला एखादा तुकडा तुम्ही आमच्या चौकटीत चिकटवायचा आणि बटण दाबायचं. मग पाउच सांगतं की हा तुकडा कुणाचा, त्यात कुठलं जनुक आहे, त्या जनुकाचे सख्खे कोण आणि चुलत कोण. मुळात ही कांगारू-वॉलबी असल्या पोटाला पिशवी असलेल्या जनावरांसाठी काढली, म्हणून तिचं नाव पाउच. पुढं लोक त्यात गहू घालायला लागले, देवमासे घालायला लागले, आणि वेरनानं कुणाला नाही म्हटलं नाही. जगातल्या कुणीही यावं, काम करून घ्यावं आणि जावं. पैसे नाहीत, नाव विचारणं नाही. फार कशाला, थँक्यूसुद्धा नाही, पण त्याचं पुढं सांगतो.

ही साइट काढली डॉक्टर टेरेन्स मुलवेनींनी. माणूस हुशार, पण एका जागी बूड टेकेल तर शपथ. दोन वर्षांत त्यांना साक्षात्कार झाला की आपला जन्म द्राक्षं पिकवण्यासाठी आहे, आणि ते समुद्रापलीकडे द्राक्षं लावायला निघून गेले. मागे राहिली साइट आणि तिच्याकडे येणारी पत्रं. वेरना तेव्हा वरच्या मजल्यावर टायपिंग करायची. त्याआधी अठरा वर्षं ती ह्युऑनव्हिलच्या पोस्टात पत्रं लावायला होती. पोस्टात पत्रं लावायचं मशिन आलं आणि बाई आमच्याकडे आली. तिला पत्र अनुत्तरित पडलेलं बघवत नाही. मुलवेनींच्या नावानं आलेली पत्रं आठ दिवस तशीच पडलेली बघून तिनं एकाला उत्तर दिलं, मग दुसऱ्याला दिलं, मग उत्तर देण्यासाठी साइट कशी चालते ते बघितलं. वर्षभरात ही बाई साइटच्या पोटात हात घालून अशा दुरुस्त्या करायला लागली, की मी डिप्लोमावाला लांबून बघत उभा राहायचो.

"यात काय कठीण आहे?" ती म्हणायची. "पाकीट आहे, पत्ता आहे. पत्ता चुकला असेल तर बरोबर कुठला ते शोधायचं. फक्त इथं पत्ता लिहिणारे पोस्टातल्यापेक्षा जास्त शिकलेले, म्हणून चुका जास्त."

चुका म्हणजे काय चुका! निम्मे लोक अक्षरं शून्यापासून मोजतात आणि निम्मे एकापासून. दोघांनी मिळून काम केलं की सगळी जनुकं एक घर सरकलेली. वर दोघंही आम्हाला पत्र लिहिणार की तुमची साइट बिघडली आहे. नॉर्वेचा एक गृहस्थ तर चार पत्रं लिहून बसला होता. त्यानं दक्षिण ध्रुवाकडच्या सीलचा नमुना तपासला होता आणि पाउच त्याला सांगत होतं की यात मेंढी आहे. त्याला वाटत होतं की एकतर सीलमध्ये मेंढीचं जनुक सापडल्याचा जागतिक शोध लागलाय, नाहीतर आम्ही गाढव आहोत. वेरनानं त्याला एका ओळीत विचारलं, "नमुने आणि तुमचा डबा एकाच फ्रीजमध्ये होते का?" चार दिवस उत्तर नाही. मग आलं, "फ्रीज एकच होता. मटणाचं सँडविच होतं. कृपया कुणाला सांगू नका." तिनं कुणाला सांगितलं नाही. मी सांगतोय, पण मी त्याचं नाव कुठं घेतलं?

काहीजण फार चढून बोलायचे. तुमच्या वरिष्ठांशी बोलायचंय म्हणायचे. मग वेरना पाच मिनिटं थांबायची, सही बदलायची आणि लिहायची, "वेरना सांगते ते बरोबर आहे. गॉर्डन." त्यावर साहेबांचं तात्काळ उत्तर यायचं, आभारी आहोत मिस्टर गॉर्डन, तुम्ही किती नेमकं सांगितलंत. गॉर्डन तिच्या घरचा बोकड आहे.

अशी ही बाई. आता लोणच्याकडे येतो.

पाउचमधून जी फाइल बाहेर पडते, तिच्या अगदी वर दोनचार ओळी असतात. कुठली आवृत्ती, कुठली तारीख, काय काय निवडलं होतं. त्या ओळींच्या सुरुवातीला एक खूण असते, म्हणजे मशिन त्या ओळी वाचत नाही, उडी मारून पुढं जातं. एकदा चहाच्या सुट्टीत वेरना म्हणाली की माणसंही वाचत नाहीत.

मी म्हटलं, "असं कसं? शिकलेली माणसं आहेत. वाचत असतील."

"पैज लाव."

"लाव."

"हरलास तर रोजचा चहा तू करायचास. मरेपर्यंत."

"कुणाच्या मरेपर्यंत?"

"जो आधी मरेल त्याच्या. फाटे फोडू नकोस."

त्याच दुपारी तिनं त्या वरच्या ओळींत एक ओळ घातली. तिच्या हिरव्या टोमॅटोच्या लोणच्याची. या लोणच्याला ह्युऑनच्या जत्रेत नऊ वेळा दुसरं बक्षीस मिळालं आहे, आणि नऊही वेळा पहिलं जॉयस ट्रिफिटला. हा विषय आमच्या खोलीत जपून काढावा लागतो. तर त्या लोणच्याच्या कृतीच्या तिनं नऊ ओळी केल्या आणि दर आठवड्याला एक, अशा फिरत्या ठेवल्या. या आठवड्यात जगभर जी फाइल जाईल तिच्या डोक्यावर "हिरवे टोमॅटो तीन किलो. लाल झाले असतील तर शेजारणीला द्या." पुढच्या आठवड्यात "कांदे एक किलो. रडून घ्यायचं असेल तर हीच वेळ." मग "मोहरीची पूड चार चमचे. जॉयस सहा घालते. जॉयसचं ऐकू नका." मुदत एका महिन्याची होती. मला खात्री होती की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी संतापून पत्र लिहील.

महिना गेला. कुणी लिहिलं नाही. वर्ष गेलं. मी चहा करत होतो. अकरा वर्षांत एकच पत्र आलं, सुवाहून, एका कबुतरांवर काम करणाऱ्या बाईचं. "माझ्याकडे मिठाची आणि व्हिनेगरची ओळ आहे, मधली हळदीची चुकली, कृपया पाठवा." वेरनानं तिला सगळी कृती पाठवली. मी म्हटलं, बघ, एकीनं वाचलं. ती म्हणाली, मुदत संपल्यावर आलेलं पत्र धरत नाहीत.

यंदा मार्चमध्ये समितीचं पत्र आलं. दर काही वर्षांनी अशी समिती येते आणि कुठली साइट ठेवायची, कुठली बंद करायची ते ठरवते. यंदाचे अध्यक्ष सिडनीचे प्रोफेसर रॉडरिक हेनशॉ. या प्रोफेसरांनी वॉलबीच्या दुधातलं जंतू मारणारं एक जनुक शोधून काढलंय आणि त्या एका जनुकाच्या जोरावर आठ वर्षं सभा गाजवल्या आहेत. पत्र वेरनानं उघडलं आणि मोठ्यानं वाचलं. चौदा वर्षांत फक्त सतरा शोधनिबंधांनी पाउचचं नाव घेतलं आहे. वापराचा लक्षणीय पुरावा आढळत नाही. सबब तीस जूनला साइट बंद करावी, हरकत असल्यास मे महिन्यात समितीपुढं मांडावी.

"सतरा?" मी ओरडलो. "अगं, सतरा तर सोमवारच्या चहाआधी येतात! त्यांना भेटींचा आकडा दाखव."

"भेटी धरत नाहीत. खाली लिहिलंय. भेटी यंत्रंही देतात म्हणे. निबंधात नाव असलं तरच धरतात."

हा आमच्या धंद्यातला जुना आजार आहे. सूक्ष्मदर्शक कुठल्या कंपनीचा ते लिहितील, उंदीर कुठून आणले ते लिहितील, पण फुकटच्या साइटचं नाव लिहायचं म्हटलं की यांचे हात दुखतात. ‘संगणकीय विश्लेषण करण्यात आलं.’ कुणी केलं? तुझ्या आजोबांनी? मी असं बरंच बोललो. वेरनानं पत्राची व्यवस्थित घडी घातली, दोन्ही कप उचलले आणि धुवायला गेली. चहा माझ्याकडे असल्यापासून तिनं कप कधी धुतले नव्हते.

परत आली ती डोळे पुसत. म्हणाली, "पोस्टातही पत्र पोचलं की कुणी येऊन सांगत नाही. नाही पोचलं की बोंबलत येतात. मला वाटायचं, बोंब नाही म्हणजे पोचतंय. डेस, मी बारा वर्षं कुणाला पत्रं लावत होते रे?"

मी तिला बिस्किटांचा डबा दिला. मी असल्या वेळी फार निरुपयोगी माणूस आहे.

त्यानंतर आठवडाभर ती पत्रांना उत्तरं देत होती, पण गॉर्डनकडून एकही गेलं नाही. साइट बंद झाली तर वेरनाचं काय होणार ते मला माहीत होतं. वय त्रेसष्ट. वरच्या मजल्यावर आता टायपिंगला कुणी लागत नाही. ती घरी जाईल, बोकड सांभाळील आणि तिला आयुष्यभर वाटत राहील की ती एका रिकाम्या खोलीशी बोलत होती. मशिन बंद पडलं तर मी चालू करतो. हे कसं चालू करायचं?

आणि मग एका सकाळी मी चहा घेऊन आलो तर बाई खुर्चीत ताठ बसलेली. नऊ वर्षं दुसरं बक्षीस घेऊनही दहाव्या वर्षी जत्रेला निघताना असतो तसा चेहरा.

"डेस, मेल्या, निबंधाबरोबर फाइली जोडतात ना?"

"जोडतात. जोडाव्याच लागतात. नियतकालिकवाले त्याशिवाय छापत नाहीत."

"त्या उघडून बघतात का जोडताना?"

"छे! कोण बघतंय? आहे तशी उचलायची आणि—" मी चहा खाली ठेवला. "आहे तशी."

"आहे तशी," वेरना म्हणाली. "डोक्यावरच्या ओळीसकट."

मी तीन दिवस दुसरं काही केलं नाही. जगातल्या छापलेल्या निबंधांच्या जोडफाइली जिथं जिथं खुल्या ठेवलेल्या असतात, तिथं तिथं मशिन पाठवलं, आणि त्याला एवढंच सांगितलं की टोमॅटोपासून झाकणापर्यंत लोणच्याच्या नऊही ओळी शोध. पहिल्या तासात अकरा सापडले. वेरना माझ्या खांद्यामागं उभी राहून वाचत होती आणि दर ओळीला माझ्या पाठीत बुक्का घालत होती. कोआलाच्या मूत्रपिंडावरचा एक गंभीर निबंध, त्याच्या तिसऱ्या जोडफाइलीत "व्हिनेगर स्वस्तातलं चालेल, नवरा असतो तसं." गव्हावरच्या तांबेऱ्यावर सत्तावीस जणांनी मिळून लिहिलेला निबंध, आणि सत्तावीसांपैकी एकालाही दिसलं नाही की डोक्यावर जॉयसची बदनामी चाललीय. एका निबंधाला तर पारितोषिक मिळालं होतं. त्याला आमच्या बाईनं हळद घातली होती.

"जॉयसला हे कळता कामा नये," वेरना म्हणाली आणि इतकी हसली की तिला बसावं लागलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मशिन थांबलं. सहाशे अडतीस निबंध. सतरा नव्हे. सहाशे अडतीस. मी आकडा तीनदा तपासला. शून्यापासून मोजून पाहिला, एकापासून मोजून पाहिला. वेरना खिडकीशी गेली आणि डोंगराकडे बघत उभी राहिली. मला रडू यायला लागलं म्हणून मी यादीत डोकं घातलं.

यादी खाली सरकवताना मला एक नाव दिसलं आणि माझं रडू पळालं. प्रोफेसर रॉडरिक हेनशॉ. वॉलबीचं दूध, जंतू मारणारं जनुक, तोच तो गाजलेला निबंध, आठ वर्षांपूर्वी छापलेला. निबंधात लिहिलं होतं, ‘आमच्या प्रयोगशाळेत खास विकसित केलेल्या पद्धतीनं विश्लेषण केलं.’ आणि जोडफाइलीच्या डोक्यावर आमची नववी ओळ होती. "गरम असतानाच झाकण लावा आणि दोन आठवडे हात लावू नका. मधेच चाखणाऱ्यांनी माझ्याकडे तक्रार आणू नये."

"खास विकसित!" मी टेबलावर मूठ आपटली. "याला मी भर सभेत सोलतो. पडद्यावर मोठ्या अक्षरांत लावतो. याच्या तोंडावर—"

"तू काही लावणार नाहीस."

"वेरना! हा माणूस तुझी साइट बंद करायला निघालाय आणि त्याचं सगळं नाव तुझ्या साइटवर उभं आहे!"

"मला साइट चालू हवीय. त्याचं डोकं मी कुठं ठेवायचं? घरी जागा नाही."

मे महिन्यात समिती आली. वरच्या मजल्यावरच्या चांगल्या खोलीत, जिथं हीटर चालतो. हेनशॉ मध्ये, एका बाजूला पर्थच्या डॉक्टर मेरेडिथ क्वान, दुसऱ्या बाजूला एक गृहस्थ जे पूर्ण वेळ फोनकडे बघत होते. वेरना जत्रेचा कोट घालून आली होती. तिनं मला शेजारी बसवलं आणि दम भरला होता की तोंड उघडलंस तर लाथ बसेल.

हेनशॉ फार गोड बोलले. गोड बोलणारा माणूस मला आधीच आवडत नाही. "मिसेस पायबस, तुमच्या चिकाटीचं कौतुक आहे. पण विज्ञानात पुरावा लागतो. चौदा वर्षांत सतरा वेळा उल्लेख. तुम्हीच सांगा, आम्ही काय समजायचं?"

"माझ्या लोणच्याची कृती वाचावी, अशी विनंती आहे," वेरना म्हणाली, आणि तिनं तिघांपुढं कागद ठेवले. नऊ ओळी, आणि प्रत्येक ओळीखाली ती किती निबंधांच्या फाइलीत सापडली त्याचा आकडा. नाव कुणाचंच नाही.

डॉक्टर क्वान यांना आधी कळेना. मग त्यांनी जॉयसची ओळ वाचली, खालचा एकशे बाराचा आकडा वाचला, आणि त्यांना असा काही ठसका लागला की फोनवाल्या गृहस्थांनी फोन ठेवून पाणी दिलं. "म्हणजे," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "ही सगळी माणसं पाउच वापरतात, लिहीत नाहीत, आणि फाइल न उघडता छापतात?"

"हो, डॉक्टर. सहाशे अडतीस. खुल्या फाइलींमधले. बंद असतील ते वेगळे."

"यात मोठी नावं आहेत?"

"आहेत."

"कोण कोण?"

वेरना म्हणाली, "मी पोस्टात होते, डॉक्टर. दुसऱ्याच्या पाकिटावरचं नाव आम्ही चारचौघांत वाचत नाही. ज्याचं असेल त्याला घरी नेऊन देतो."

हेनशॉंनी समोरचा लॅपटॉप हळूच आपल्याकडे वळवला. मी त्यांच्याकडेच बघत होतो, मला दुसरं काम नव्हतं. त्यांनी काहीतरी उघडलं, दोन बोटांनी खाली सरकवलं, मग वर सरकवलं, एकदम वर. त्यांचे कान आधी लाल झाले, मग मान. ते वेरनाकडे बघायला लागले. ती त्यांच्याकडे बघून प्रेमानं हसली.

"झाकण लावून दोन आठवडे," ती म्हणाली. "तेवढी घाई केली नाही तर बिघडत नाही, प्रोफेसर."

"मी..." हेनशॉंनी घसा साफ केला. "मी सुरुवातीपासून म्हणत होतो की निव्वळ आकड्यांवर जाऊ नये."

मी तोंड उघडलं. लाथ बसली, आणि जोरात बसली, अजून निळं आहे.

साइटला आणखी पाच वर्षं मिळाली. वर असाही ठराव झाला की त्या सहाशे अडतीस जणांना समितीनं वेरनाकरवी पत्र पाठवावं, निबंधात दुरुस्ती करून पाउचचं श्रेय द्यावं असं कळवावं, आणि श्रेय नेमकं कसं द्यायचं ते पाउचच्या मदत-टपालाकडे विचारावं. मदत-टपाल म्हणजे वेरना.

पहिलं पत्र आलं ते हेनशॉंचं. फार नम्र. दुरुस्ती लगेच छापतो, कृपया कळवावं की कुणाच्या नावानं उल्लेख करू.

वेरनाचे हात टायपायला गेले आणि तिथंच राहिले. कारण उल्लेख करायचा तर छापलेला लेख लागतो, आणि पाउचवर छापलेला लेख एकच आहे, मुलवेनींचा. त्यावर पाच जणांची नावं आहेत, पाचही जण निघून गेलेले. वेरना त्या लेखात आहे. अगदी शेवटी, आभारांत. ‘चहासाठी.’

"म्हणजे हे सहाशे अडतीस त्या द्राक्षवाल्याला?" मी म्हटलं. "त्याला पासवर्ड तरी आठवतो का? तुझं नाव घाल."

"मी काय लिहिलंय छापलेलं?"

"घाल म्हणतो ना!"

मग तिनं लिहिलं, ‘पायबस, व्ही., ह्युऑनव्हिल.’ आणि पाठवून दिलं. तिचे कान लाल झाले होते, जसं काही चोरी केली.

दहा मिनिटांत उलट पत्र. मिसेस पायबस यांचा लेख आम्हाला कुठं सापडला नाही, तो कुठं प्रसिद्ध झाला आहे?

वेरनानं लिहिलं, "तुमच्या निबंधाच्या दुसऱ्या जोडफाइलीत, पहिल्या ओळीत."

यावर हेनशॉंनी काही विचारलं नाही. तीन आठवड्यांनी दुरुस्ती छापून आली. विश्लेषण पाउच या साइटवर केलं असून ती पायबस व्ही. यांनी घडवली व चालवली आहे. मी कागदावर छापून वेरनापुढं ठेवलं. तिनं चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मी म्हटलं, चला, झालं एकदाचं बाईचं नाव.

तेवढ्यात ती ओरडली, "अरे देवा!"

"काय झालं?"

"पायबस!" तिनं कागद माझ्या नाकाखाली धरला. "पायबस हे नवऱ्याचं, कीथचं आडनाव आहे रे! सोडून वीस वर्षं झाली त्या माणसाला! कागद बदलायचा कंटाळा म्हणून ठेवलं होतं मी. आयुष्यात त्यानं एक पत्र लिहिलं नाही, घरभाड्याचं नाही, मला नाही, आणि मेला विज्ञानात फुकट अमर झाला!"

मी हसलो. हसायचं नव्हतं, पण हसलो. तीही हसायला लागली, मग एकाएकी थांबली आणि रडली, खरोखरची, खांदे हलवून. आणि ते कीथसाठी नव्हतं एवढं मला कळत होतं. या वेळी मी बिस्किटांचा डबा पुढं केला नाही.

नाक पुसून झाल्यावर तिनं खुर्ची पुढं ओढली. मदत-टपालात त्या दिवशी दोनशे चार पत्रं पडली होती, सगळ्यांचा एकच प्रश्न, कुणाच्या नावानं?

"बापाचं आडनाव लाव," मी म्हटलं.

"बापानं काय केलं? मला पोस्टात चिकटवलं आणि दारू पीत बसला." तिनं बोटं मोडली आणि पहिल्या पत्राला उत्तर लिहिलं. एकच शब्द. वेरना.

"अगं, आडनाव विचारतील. यादीत बसायचं नाही ते."

"बसेल," ती म्हणाली आणि दुसरं पत्र उघडलं. "सहाशे सदतीस जण आहेत. जागा करतील."